दारावरचा पाच आणि गाइडमधला स्टार

मागच्या उन्हाळ्यात मामा-मामी आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला आले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरून येताना मामी कोपऱ्यावरच्या फिश अँड चिप्सच्या दुकानासमोर थांबली. दारावरच्या हिरव्या-काळ्या स्टिकरकडे बोट दाखवून म्हणाली, "अरे, हे तर फाइव्ह स्टार आहे की! आणि तू म्हणतोस साधं दुकान." आत एक माणूस तळणीतून बटाट्याच्या फोडी उपसत होता. काउंटरवर व्हिनेगरची बाटली आणि लाकडी काट्यांचा डबा. फाइव्ह स्टारची एवढीच काय ती श्रीमंती. मामाने तोवर फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकलासुद्धा.

मामीचं काही चुकलं नव्हतं. ब्रिटनमध्ये बाहेर जेवायचं म्हटलं की आकडे, स्टार, फुलासारखे रोझेट, अंगठे यांचा नुसता पाऊस पडतो. दिसायला सगळं एकसारखं, पण मोजणारा प्रत्येक जण वेगळंच काहीतरी मोजत असतो. मी इथे आलो तेव्हा माझाही असाच गोंधळ व्हायचा. आता कुठलीही शिफारस वाचली की दोनच गोष्टी बघतो: यांनी नक्की काय मोजलं, आणि त्या जेवणाचं बिल कोणी भरलं.

आधी तो स्टिकर. तो फूड हायजीन रेटिंगचा. फूड स्टँडर्ड्स एजन्सी ही सरकारी संस्था आणि गावोगावच्या काउन्सिल मिळून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ही योजना चालवतात. काउन्सिलचा अधिकारी सहसा न कळवता येतो आणि तीन गोष्टी तपासतो. अन्न हाताळणं, शिजवणं, गार करणं आणि साठवणं नीट आहे का. जागा स्वच्छ आहे का, हात धुवायची सोय, हवा-उजेड, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त कसा आहे. आणि तिसरी, जी आपल्या डोक्यात येत नाही, ती म्हणजे मालकाकडे या सगळ्याची लेखी शिस्त आहे का: फ्रिजचं तापमान रोज वहीत उतरवतात का, कामगारांना शिकवलंय का. या तिन्हींवरून शून्य ते पाच. चव हा विषयच नाही. अळणी डाळ वाढणाऱ्या पण लखलखीत कँटीनला पाच मिळतील, आणि स्वर्गीय बिर्याणी करणाऱ्याची वही कोरी असेल तर त्याला दोन. शिवाय पाच म्हणजे काही दुर्मीळ मान नव्हे, इथल्या बहुसंख्य ठिकाणांना पाचच असतात. त्यामुळे पाच दिसला म्हणून हुरळायचं नाही, दोन दिसला तर मात्र जरा थांबायचं.

यात एक गंमत आहे. वेल्समध्ये २०१३ पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०१६ पासून स्टिकर दारावर लावणं सक्तीचं आहे. इंग्लंडमध्ये नाही. म्हणजे इंग्लंडमध्ये एखाद्या दारावर स्टिकरच नसेल, तर कदाचित मालक विसरला असेल, किंवा तो आकडा दाखवण्यासारखा नसेल. एजन्सीच्या वेबसाइटवर नाव टाकलं की दोन मिनिटांत कळतं. स्कॉटलंडची तऱ्हा वेगळी: तिथे आकडे नाहीत, फक्त 'पास' किंवा 'सुधारणा हवी'.

हा आकडा आणि मिशेलिन या रेस्टॉरंट-गाइडचे स्टार यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रेडिंगपासून गाडीने अर्ध्या तासावर ब्रे नावाचं थेम्सकाठचं छोटं गाव आहे. तिथे जुन्या पबच्या इमारतीत शेफ हेस्टन ब्लूमेंथलचं 'द फॅट डक' आहे. २००४ मध्ये त्याला तीन स्टार मिळाले, म्हणजे मिशेलिनचा सर्वोच्च मान. आणि तिथेच २००९ च्या सुरुवातीला पाचशेहून अधिक लोकांना उलट्या-जुलाब झाले. नोरोव्हायरस निघाला, मूळ कालवांमध्ये सापडलं. स्टार तसेच राहिले, कारण स्टार देणारा ताटात बघतो, त्याच्यामागच्या वहीत नाही.

बरं, हे स्टार देणारे कोण? टायरवाले. फ्रान्समध्ये १९०० साली आंद्रे आणि एदुआर या मिशेलिन बंधूंनी मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली: पेट्रोल कुठे मिळेल, टायर कसा बदलावा, मुक्काम कुठे करावा. लोक जितके हिंडतील तितके टायर झिजतील, असा सरळ व्यापारी हिशोब. ब्रिटिश बेटांसाठीचं गाइड १९११ मध्ये आलं, मग मधे बरीच वर्षं बंद पडलं आणि १९७४ मध्ये पुन्हा सुरू झालं. स्टारचा अर्थ आजही रस्त्याच्याच भाषेत सांगतात. एक स्टार: वाटेत असेल तर थांबा. दोन: वाट वाकडी करून जा. तीन: केवळ त्यासाठी प्रवास करा.

गाइडचे इन्स्पेक्टर कंपनीचे पगारी नोकर असतात. ओळख न देता जातात, बिल भरतात, पुन्हा जातात. बघतात ते फक्त जेवण: कच्चा माल कसा आहे, हातात कसब किती, चवींचा मेळ, स्वयंपाकात शेफचं स्वतःचं काही दिसतं का, आणि हे सगळं प्रत्येक पदार्थात, प्रत्येक भेटीत टिकतं का. झुंबरं आणि पांढऱ्या चादरी स्टारमध्ये धरत नाहीत. म्हणून पबलाही स्टार मिळतो. मार्लो गावातलं टॉम केरिजचं 'द हँड अँड फ्लॉवर्स' हे दोन स्टार मिळवणारं पहिलं पब. माफक पैशांत चांगलं जेवण देणाऱ्यांसाठी 'बिब गुरमाँ' नावाचा वेगळा मान आहे. खिशाचा विचार केला तर मला स्वतःला ती यादी जास्त उपयोगी वाटते, कारण तीन स्टारवाल्या ठिकाणी माणशी २०० पौंडांच्या पुढे सहज जातात आणि वाइन अजून मागवायचीच असते.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की स्टार शेफला मिळतो. वर्तमानपत्रंही सर्रास 'मिशेलिन स्टार शेफ' लिहितात. स्टार मिळतो रेस्टॉरंटला. २००८ मध्ये गॉर्डन रॅमझी आणि मार्कस वेअरिंग या दोन शेफचं फाटलं तेव्हा हे चांगलं दिसलं. दोघांच्या भागीदारीतलं 'पेट्रुस' लंडनच्या बर्कली हॉटेलात होतं, दोन स्टार होते. वाटणीत 'पेट्रुस' हे नाव रॅमझीकडे गेलं. वेअरिंग त्याच जागेत, त्याच चुलीवर राहिला, दारावर स्वतःचं नाव लावलं, आणि दोन स्टार त्याच्याकडे राहिले. नाव एकाचं, चूल दुसऱ्याची. आपल्याकडे एकत्र कुटुंबातला धंदा फुटतो तेव्हा पाटी कोणाची आणि गल्ला कोणाचा यावरून जे होतं, तेच हे.

म्हणून एखादा नावाजलेला शेफ अमुक ठिकाण सोडून गेला अशी बातमी आली की लगेच स्टार जात नाही. पुढच्या गाइडपर्यंत तो सहसा तसाच राहतो. तोवर आत स्वयंपाक कोण करतंय हे तुम्हीच विचारायचं. आणि 'स्टार परत केले' ही बातमीही जरा सांभाळून वाचायची. मार्को पिअर व्हाइटने १९९९ मध्ये स्वयंपाकघर सोडलं आणि स्टार परत करतो म्हणाला. चार-पाच वर्षांपूर्वीच, ३३ व्या वर्षी, त्याला तीन स्टार मिळाले होते. पण स्टार ही काही ढाल नाही की खोक्यात घालून परत पाठवली. ते त्या वर्षीच्या जेवणाबद्दलचं मत आहे. शेफ काम सोडतो, मग पुढच्या वर्षी मत देण्यासारखं काही उरत नाही, इतकंच.

शेफच्या बातम्यांमध्ये मला आवडणारा भाग वेगळाच आहे. त्या वाचताना मला गाण्यातली घराणी आठवतात. मैफलीच्या बातमीत जसं 'अमुक बुवांचे शिष्य' येतं, तसं इथे 'अमुकच्या किचनमध्ये शिकला' हे येतंच येतं, आणि ते पोकळ नसतं. १९६७ मध्ये आल्बेर आणि मिशेल रू या फ्रेंच भावांनी लंडनमध्ये 'ल गाव्रोश' काढलं. ब्रिटनमधले पहिले तीन स्टार १९८२ मध्ये त्यालाच मिळाले. मार्को पिअर व्हाइट तिथे घडला. व्हाइटच्या हाताखाली रॅमझी राबला. रॅमझीच्या किचनची प्रमुख होती क्लेअर स्मिथ, उत्तर आयर्लंडच्या शेतकरी घरातली मुलगी. तिने २०१७ मध्ये लंडनमध्ये 'कोअर' काढलं आणि २०२१ मध्ये तीन स्टार मिळवले. चार पिढ्यांची तालीम. आणि कोअरचा सगळ्यात गाजलेला पदार्थ कोणता? बटाटा. एक अख्खा बटाटा, वर माशांची अंडी, खाली लोण्याचा सॉस. घराणं फ्रेंच, पण बंदिश माहेरची.

दुसरं घराणं उत्तरेत आहे. कम्ब्रियातल्या कार्टमेल या खेड्यात सायमन रोगनने २००२ मध्ये जुन्या लोहारशाळेत रेस्टॉरंट काढलं. नावच ठेवलं 'लाँक्लूम', म्हणजे फ्रेंचमध्ये ऐरण. भाज्या, पाला, फुलं स्वतःच्या शेतातली. २०२२ मध्ये तीन स्टार आले, उत्तर इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच. त्याच्याकडे मोठ्या जबाबदारीवर असलेल्या मार्क बर्चलने लँकशरमध्ये 'मूर हॉल' उभं केलं आणि २०२५ मध्ये तेही तीन स्टारवर पोचलं. म्हणजे ब्रिटनमध्ये चांगलं जेवायचं तर लंडन, हे जुनं गणित आता चालत नाही. मँचेस्टरला चाळीसहून अधिक वर्षं एकही स्टार नव्हता. २०१९ मध्ये 'माना'ने तो दुष्काळ संपवला. मात्र एक सांगतो, खेड्यातल्या अशा ठिकाणी शेवटची बस किती वाजता हे आधी बघावं. जेवण तीन-चार तास चालतं, आणि कार्टमेलला टॅक्सी रस्त्यावर उभी नसते.

आता आपल्या चवीचं. ब्रिटनमधली बहुतेक 'इंडियन' रेस्टॉरंट पूर्वापार चालवतात बांगलादेशातल्या सिल्हेटकडची मंडळी. भारतीय जेवणाला स्टारच्या दारात उभं राहायला २००१ उजाडलं. त्या वर्षी विनीत भाटियाच्या 'झायका'ला आणि अतुल कोचरच्या 'टॅमरिंड'ला स्टार मिळाला. मुंबईच्या फोर्टमधल्या 'तृष्णा'चं नाव घेऊन लंडनमध्ये २००८ मध्ये 'तृष्णा' निघालं, किनारपट्टीच्या मासळीवर भर देऊन, आणि २०१२ मध्ये त्यालाही स्टार आला. २०२४ मध्ये एकाच दिवशी दोन भारतीय रेस्टॉरंटांना दोन-दोन स्टार मिळाले: लंडनचं 'जिमखाना' आणि बर्मिंगहॅमचं 'ओफीम'. ओफीमचा शेफ अख्तर इस्लाम बर्मिंगहॅममध्येच वाढलेला, बांगलादेशी घरातला. करी हाउसवाल्यांच्या पुढच्या पिढीने तो उंबरा ओलांडला. मला ती बातमी वाचताना कोणाच्याही स्टारपेक्षा जास्त आनंद झाला होता.

पण मुंबईच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आणणारी ठिकाणं कुठल्याच स्टारमध्ये बसत नाहीत. २०१० मध्ये सुरू झालेलं 'दिशूम' इराणी कॅफेची नक्कल करतं आणि बाहेर रांग असते. त्याच वर्षी पश्चिम लंडनच्या हाउन्स्लोमध्ये मुंबईच्या दोन मित्रांनी दुसऱ्याच्या कॅफेत थोडी जागा भाड्याने घेऊन वडापाव विकायला सुरुवात केली, तोच आजचा 'श्री कृष्ण वडापाव'. तिथे जायला कोणी गाइड उघडत नाही. नवीन मराठी कुटुंब हीथ्रोला उतरलं की आठवड्याभरात कोणीतरी सांगतंच.

मिशेलिनखेरीज आणखी काही खुणा दारावर दिसतात. ए.ए. ही मोटारवाल्यांचीच संघटना, तिचे रोझेट १९५६ पासून आहेत, एक ते पाच. 'गुड फूड गाइड'ची कथा अधिक रंजक आहे. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये बाहेरचं जेवण इतकं भिकार होतं की रेमंड पोस्टगेट या पत्रकाराने 'अन्नाशी क्रूरता प्रतिबंधक संस्था' काढायची थट्टा केली. थट्टेतून १९५१ मध्ये खरंच गाइड निघालं, आणि तेही सामान्य गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या टिपणांवर. मांसाचं रेशनिंग तेव्हा संपायचं होतं. लोकांनी लोकांसाठी रिव्ह्यू लिहिण्याची कल्पना इंटरनेटवाल्यांची नाही, ती इतकी जुनी आहे.

आणि वर्तमानपत्रांतले समीक्षक. त्यांचा इथे दबदबा आहे. फे मॅश्लरने १९७२ मध्ये 'इव्हनिंग स्टँडर्ड'ची स्पर्धा जिंकली. बक्षीस होतं तीन महिने रेस्टॉरंटवर लिहायचं काम. ते काम २०२० पर्यंत चाललं. समीक्षक सहसा खोट्या नावाने टेबल घेतात आणि बिल वर्तमानपत्र भरतं. पण ते एका माणसाचं, बहुधा एका संध्याकाळचं मत असतं, आणि लिखाण खुसखुशीत व्हावं हीसुद्धा त्याची गरज असते. जहाल टीका वाचायला मजा येते म्हणून ती खरी ठरत नाही. मी दोन-तीन समीक्षक धरून ठेवले आहेत. एकीची आणि माझी आवड जुळते. एकाची अजिबात जुळत नाही, आणि त्याचाही उपयोग होतो: त्याला जे फार आवडलं तिथे मी जात नाही.

ऑनलाइन रेटिंगचं म्हणाल तर २०१७ ची एक गोष्ट पुरेशी आहे. ऊबा बटलर नावाच्या तरुण पत्रकाराने दक्षिण लंडनमधल्या आपल्या बागेतल्या शेडची ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर रेस्टॉरंट म्हणून नोंद केली. मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले, पदार्थांच्या फोटोंत शेव्हिंग फोमसारख्या न खायच्या वस्तू वापरल्या. फोन आला की 'जागा नाही' म्हणायचं. काही महिन्यांत ती शेड लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, एकही ताट न वाढता. आता खोटे रिव्ह्यू लिहिणं-लिहवून घेणं कायद्याने बंद आहे, एप्रिल २०२५ पासून. इन्स्टाग्रामवर फुकट जेवून शिफारस करणाऱ्यानेही तसं स्पष्ट लिहावं लागतं. 'अ‍ॅड' (जाहिरात) किंवा 'गिफ्टेड' (भेट मिळालेलं) असा शब्द कोपऱ्यात बारीक दिसला, तर बिल कोणी भरलं या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

राहिले शेफच्या बातम्यांत येणारे शब्द. 'सपर क्लब' म्हणजे घरी पैसे घेऊन पंगत. कोलकात्याच्या अस्मा खानने २०१२ मध्ये लंडनच्या राहत्या घरात अशीच सुरुवात केली आणि २०१७ मध्ये 'दार्जिलिंग एक्सप्रेस' काढलं, किचनमध्ये सगळ्या बायका. 'रेसिडेन्सी' म्हणजे दुसऱ्याच्या पबमध्ये काही महिने स्वयंपाक. 'सॉफ्ट लाँच' म्हणजे उद्घाटनाआधीची रंगीत तालीम, बहुधा निम्म्या दरात. चुका सहन करायची तयारी असेल तर स्वस्तात खायची हीच संधी. 'शेफ-पेट्रन' म्हणजे मालक आणि आचारी एकच. 'एक्झिक्युटिव्ह शेफ' असेल तर तुमच्या संध्याकाळी तो चुलीपाशी असेल याची खात्री धरू नका.

बाकी बहुतेक बातम्या दिसतात स्वयंपाकाच्या आणि असतात हिशोबाच्या. तुम्ही १०० पौंडांचं जेवलात तर त्यातले १६ पौंड ६७ पेन्स व्हॅटचे, सरकारचे. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं आणि कामगारामागे मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्क्यांवर गेला. वर भाडं, वीज, मासळी. जानेवारी २०२४ मध्ये 'ल गाव्रोश' बंद झालं. मिशेल रू ज्युनिअरने कारण दिलं, कामातून आयुष्याला वेळ हवा. रीजंट स्ट्रीटवरचं 'वीरास्वामी' १९२६ चं, ब्रिटनमधलं आज चालू असलेलं सर्वांत जुनं भारतीय रेस्टॉरंट. २०२५ मध्ये ते बातम्यांत आलं, ते मेनूमुळे नव्हे. जागामालक क्राउन इस्टेट भाडेकरार पुढे वाढवायला तयार नव्हती, म्हणून.

बिलाच्या तळाशी १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज दिसला की मामा दचकला. तो बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो, नको म्हणता येतं. पण ऑक्टोबर २०२४ पासून ते सगळे पैसे कामगारांनाच द्यावे लागतात, मालकाला त्यातलं काही ठेवता येत नाही. हे कळल्यावर मामाने मुकाट्याने दिले.

फिश अँड चिप्सच्या दुकानात आम्ही शेवटी गेलोच, त्यांच्या परतीच्या आदल्या दिवशी. मामी शाकाहारी. ती काउंटरपाशी गेली आणि मला म्हणाली, "विचार त्याला, चिप्स कशात तळतो?" प्रश्न अगदी रास्त होता. यॉर्कशरकडे आजही बरेच जण गाईच्या चरबीत तळतात, आणि ते दारावरच्या स्टिकरवर लिहिलेलं नसतं. मी विचारलं. तो म्हणाला, वनस्पती तेल, पण मासे आणि चिप्स एकाच तळणीत. मी मराठीत सांगितलं. मामीने स्टिकरकडे एकदा वळून बघितलं आणि म्हणाली, "मग मला फक्त कोक सांग."